तांबडा म्हणजे नेमका कोणता? नेपोलियनकालीन सैनिकांच्या गणवेशांचे रंग शोधण्याची रीत

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी रंगवण्यात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध कारागिरांना दाखवावेत, म्हणून काही वर्षांपूर्वी मी चोवीस फ्रेंच पायदळ सैनिकांच्या छोट्या मूर्ती डब्यात कापूस घालून नेल्या होत्या. प्रत्येक सैनिक जेमतेम इंचभर उंचीचा होता आणि प्रत्येकाचा कोट मी एका जुन्या छापील चित्रात दिसतो तसाच स्वच्छ, उजळ निळा रंगवला होता. काकांनी त्यांतला एक उचलून खिडकीपाशी धरला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "ह्यो डगलो कसल्या कापडाचो?" मी कापडाऐवजी रंगाचेच नाव सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "रंगाचा नाव मागीर सांग, झिला. तो कशार चडवलेलो, ता आदी सांग." पांगाऱ्याच्या हलक्या, रंग पिणाऱ्या लाकडावर एखादा रंग कसा बसतो आणि गंजिफाच्या गुळगुळीत पत्त्यावर तोच रंग कसा वेगळा दिसतो, हे रोज पाहणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. गणवेशांच्या रंगांचा शोध तिथूनच सुरू करावा लागतो, असे आज माझे ठाम मत आहे. लष्करी नियमांत लिहिलेला 'निळा' किंवा 'तांबडा' हे छटेचे नाव नसते. ते एका विशिष्ट कापडाचे, त्यावर चढवलेल्या रंगद्रव्याचे आणि पुष्कळदा त्या कापडाच्या किमतीचेही नाव असते.

हा काळ, म्हणजे ढोबळमानाने १८०३ ते १८१५, कोकणातल्या माणसाला अगदीच परका नाही. ज्या १८१२ साली नेपोलियनची फौज मॉस्कोच्या दिशेने निघाली, त्याच वर्षी कोल्हापूरकरांशी झालेल्या तहाने मालवणचा सिंधुदुर्ग आणि वाडीकरांशी झालेल्या तहाने वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती गेले. शेजारच्या पोर्तुगीज गोव्यात तर फ्रेंच उतरतील या धास्तीने इंग्रजी फौज तळ देऊन राहिली होती. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा राहिलेला आर्थर वेलस्लीच. ज्यांना युरोपच्या मैदानांपेक्षा घराजवळून आरंभ करावासा वाटतो, त्यांनी असईच्या इंग्रजी पलटणी रंगवायला घ्याव्यात. शोधाची रीत तिथेही हीच राहते.

आधी माणूस, मग रंग

रंगाची बाटली उघडण्यापूर्वी कागदावर सहा गोष्टी लिहाव्यात: कोणत्या देशाचे सैन्य, कोणती पलटण, पलटणीतली कोणती तुकडी, सैनिकाचा हुद्दा, वर्ष आणि मोहीम. यांतली एक गोष्ट जरी मोकळी राहिली, तरी पुढचा सगळा शोध डळमळतो, कारण या बारा वर्षांत गणवेश स्थिर राहिलेच नाहीत.

फ्रेंच पायदळाचे उदाहरण घेऊ. साम्राज्याच्या पहिल्या काळात साध्या पायदळाचा कोट गडद निळा असे. छातीवर पांढऱ्या दुमडी, तांबडी कॉलर, तांबडे कफ आणि मागे लांब शेपटे असत. १९ जानेवारी १८१२ च्या हुकुमाने हा कोट आखूड झाला आणि छातीवरच्या दुमडी कमरेपर्यंत बंद झाल्या. पण हुकूम निघाला म्हणजे कोट अंगावर चढला असे होत नाही. कापड विणले जाणे, शिवले जाणे, कोठारातला जुना माल संपणे यांत महिने जातात. म्हणून १८१२ च्या उन्हाळ्यात रशियाच्या वाटेला लागलेला बहुतेक फ्रेंच सैनिक जुन्या धर्तीच्या कोटातच रंगवावा, नवा कोट १८१३ च्या मोहिमेपासून सर्रास द्यावा आणि स्पेनमध्ये अडकलेल्या पलटणींना त्याहूनही उशिरा द्यावा. हुकुमाच्या तारखेला मोहिमेची तारीख समजणे ही नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

तुकडीचा प्रश्न याहून बारीक, पण तितकाच महत्त्वाचा आहे. एकाच पलटणीतल्या ग्रेनेडियर तुकडीच्या खांद्यावर तांबड्या झालरी असत, व्होल्टिजर तुकडीची कॉलर फिकट पिवळसर असे आणि साध्या फ्युझिलिअर सैनिकांच्या खांद्यांवर तांबड्या किनारीचे निळे पट्टे असत. फ्युझिलिअरांच्या चार तुकड्या शाको टोपीवरच्या गोंड्याने ओळखायच्या: पहिलीचा गडद हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा 'ओरोर' आणि चौथीचा जांभळा. 'ओरोर' म्हणजे पहाटेच्या आभाळाचा नारिंगी. आपल्याकडच्या वाचकाला मी अबोलीचे फूल आठवायला सांगेन. पिवळा किंवा भगवा लावला तर पाहणारा जाणकार तुकडीच चुकली असे म्हणेल.

वर्ष ठरवण्याचे महत्त्व पटवणारी आणखी एक गोष्ट १८०६ ची आहे. इंग्रजांच्या आरमाराने समुद्रमार्ग रोखल्यामुळे फ्रान्समध्ये नीळ दुर्मिळ आणि महाग झाली, तेव्हा नेपोलियनने पायदळाला पांढरे कोट देण्याचा हुकूम काढला. काही पलटणींनी ते प्रत्यक्षात घातले, प्रत्येक पलटणीला ओळखीसाठी वेगळ्या रंगाच्या कॉलरी आणि कफ मिळाले आणि थोड्याच काळात सारे पुन्हा निळ्यावर आले. या एका प्रयोगामुळे पांढऱ्या कोटातला फ्रेंच सैनिक चूकही ठरू शकतो आणि अचूकही. निर्णय पलटणीचा क्रमांक आणि वर्ष यांवर अवलंबून राहतो.

पुरावा कोणाचा आणि किती जवळचा

माणूस ठरला की पुरावे गोळा करायचे. पण सगळे पुरावे एकाच पंक्तीला बसवू नयेत. मी प्रत्येक चित्रापुढे दोनच प्रश्न विचारतो: हे काढणाऱ्याने तो कोट डोळ्यांनी पाहिला होता का, आणि हे काढताना त्याचा हेतू काय होता?

समकालीन चित्रांत इंग्रजी सैन्यासाठी चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ याची १८१२ ते १८१५ या काळात प्रसिद्ध झालेली चित्रमाला पहिल्या क्रमांकावर ठेवावी. तो स्वतः लष्करी अधिकारी होता आणि त्याने पलटणींच्या फेसिंगचे रंग आणि फितींचे नमुने तक्त्यांत मांडले आहेत. फेसिंग म्हणजे कॉलर, कफ आणि छातीवरच्या दुमडी यांचा, मूळ कोटापेक्षा वेगळा ठेवलेला रंग. इंग्रजी पलटणी एकमेकींपासून मुख्यतः त्यावरूनच ओळखल्या जात. फ्रेंचांसाठी पॅरिसच्या मार्टिने या चित्रविक्रेत्याने साम्राज्याच्या काळातच काढलेली हातरंगाची चित्रे आहेत, आणि १८१२ च्या नियमांसाठी कार्ल व्हर्ने याने काढलेली चित्रे आहेत. पण यांतही फरक आहे. मार्टिनेच्या चित्रांत रस्त्यावर दिसणारा सैनिक आहे, तर व्हर्नेच्या चित्रांत नियमाप्रमाणे दिसायला हवा असा सैनिक आहे. दोघांत विसंगती आढळली, तर एक खरा आणि दुसरा खोटा असे समजण्याचे कारण नाही. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत.

नंतरच्या काळातल्या अभ्यासकांमध्ये रिचर्ड क्नोटेल या जर्मन चित्रकाराचे काम मोठे आहे. त्याने १८९० पासून विविध देशांच्या गणवेशांची चित्रमाला काढली आणि आजची कितीतरी पुस्तके नकळत त्याच्याच खांद्यावर उभी आहेत. पण तो वॉटर्लूनंतर पाऊणशे वर्षांनी काम करत होता, हे विसरू नये. एखादा तपशील पाच पुस्तकांत आढळला म्हणून त्याला पाच साक्षीदार मिळाले असे होत नाही. पाचही जणांनी क्नोटेलकडून उचलले असेल, तर साक्षीदार एकच. म्हणून पुस्तक हाती आले की त्यातले चित्र कशावरून काढले, हे आधी शोधावे. तसा उल्लेखच नसेल, तर ते पुस्तक दुय्यम धरावे.

आपल्यापैकी बहुतेकांना लंडन किंवा पॅरिस गाठता येत नाही, पण आता त्याची फारशी गरजही उरलेली नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला व्हिंकहाउझेन संग्रह, अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातला अ‍ॅन ब्राउन लष्करी संग्रह, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे 'गॅलिका' आणि लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमचा ऑनलाइन संग्रह हे सगळे वेंगुर्ल्याच्या घरात बसून पाहता येतात. शोधताना मात्र त्या त्या भाषेतले शब्द वापरावे लागतात. फ्रेंच संग्रहात इंग्रजी शब्द टाकून शोधले, तर हाती येणाऱ्या चित्रांत नंतरच्या काळातली नक्कल जास्त असते. मुंबईला जाणे होत असेल, तर टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात एक दिवस काढावा. ही संस्था १८०४ ची, म्हणजे नेपोलियनने सम्राटपद घेतले त्याच वर्षीची.

छापील चित्रांबद्दल एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण माझे चोवीस सैनिक तिथेच फसले होते. त्या काळी चित्राची रेषा तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापली जाई आणि रंग हाताने भरला जाई. एकाच चित्राच्या दोन प्रती दोन वेगळ्या निळ्यांत सापडतात, कारण त्या दोन वेगळ्या हातांनी भरलेल्या असतात. शिवाय गडद निळा खराखुरा गडद भरला, तर कोटाच्या शिवणी, बटणे आणि पट्टे त्यात बुडून जातात. म्हणून रंगारी तो मुद्दाम उजळ ठेवत असे. शेंदराचा तांबडा कागदावर काळवंडतो, तर पातळ जलरंग उन्हाने उडतो. छापील चित्र कोणत्या ठिकाणी कोणता रंग होता हे विश्वासाने सांगते. तो रंग किती गडद होता हे त्याला विचारू नये.

त्यासाठी प्रत्यक्ष उरलेले कपडे पाहावेत. ग्रिनिचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियममध्ये इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याने २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्राफल्गरच्या लढाईत घातलेला कोट आहे. डाव्या खांद्याशी गोळीचे भोकही दिसते. त्याचा निळा पाहिला की छापील चित्रांतला उजळ निळा मनातून कायमचा उतरतो. मात्र उरलेल्या कपड्यांची स्वतःची लबाडी असते. साध्या सैनिकाचा कोट अंगावरच झिजून संपला, ठिगळे लावून वापरला गेला किंवा फडकी म्हणून गेला. जपून राहिले ते प्रामुख्याने अधिकाऱ्यांचे, आणि अधिकाऱ्यांचे कापड वेगळ्या दर्जाचे असे. शिवाय दोनशे वर्षांच्या उजेडाने बाहेरची बाजू विटलेली असते. म्हणून संग्रहालयाच्या छायाचित्रात कॉलरखालची घडी, खिशाच्या झाकणाखालची जागा, अस्तराशी दुमडलेली शिवण या जागा शोधाव्यात. तिथे मूळ रंग लपून राहिलेला असतो.

बनात, मंजिष्ठा, किरमिज आणि नीळ

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. तो कोट लोकरीच्या दाट, पाण्यात तुडवून आटवलेल्या कापडाचा होता, ज्याला आपण बनात म्हणतो. जुन्या मराठी कागदपत्रांत अशा परदेशी लोकरी कापडासाठी 'सकलाद' हाही शब्द येतो आणि त्याचे कूळ थेट 'स्कार्लेट' या शब्दाशी जुळते. युरोपातही 'स्कार्लेट' हे आरंभी भारी लोकरी कापडाचे नाव होते. ते उत्तम कापड पुष्कळदा तांबडे रंगवले जाई, म्हणून हळूहळू ते रंगाचे नाव झाले. एका शब्दाचा हा प्रवास लक्षात ठेवला, तर नियमपुस्तके वाचताना फसगत होत नाही.

इंग्रजी सैन्याच्या तांबड्या कोटात निदान दोन तांबडे होते, आणि ते एकाच बाटलीतून काढणे हा माझ्या दृष्टीने या छंदातला सर्वांत खटकणारा दोष आहे. साध्या सैनिकाची बनात मंजिष्ठेच्या वर्गातल्या युरोपीय वनस्पतीच्या मुळांनी, तुरटीच्या बंधकावर (बंधक म्हणजे रंग कापडात पक्का धरून ठेवणारे द्रव्य) रंगवली जाई. तो रंग टिकाऊ आणि स्वस्त, पण थोडा विटकरी, मातीकडे झुकणारा असतो. अधिकाऱ्याची बनात किरमिजाच्या किड्यापासून, कथलाच्या क्षारांच्या बंधकावर रंगवत. तो किडा मेक्सिकोतून येई, रंग महाग पडे आणि जास्वंदीसारखा पेटलेला दिसे. सार्जंटला साध्या सैनिकापेक्षा बऱ्या प्रतीचे कापड मिळे. कोकणातल्या वाचकाने सैनिकाचा कोट रंगवताना पावसात भिजलेला ताजा जांभा चिरा डोळ्यांसमोर आणावा आणि त्यात तांबड्याचा अंश थोडा वाढवावा. मोहिमेत दोन-तीन महिने काढलेल्या कोटासाठी तोच चिरा वैशाखात वाळलेला कल्पावा. याशिवाय पलटणीचे कपडे पुरवण्याची जबाबदारी तिच्या कर्नलवर असे आणि तो व्यापाऱ्यांकडून ते करवून घेई, त्यामुळे दोन पलटणींच्या तांबड्यांत थोडा फरक असणे स्वाभाविकच आहे. एकाच पलटणीतही नव्याने भरती झालेला गडी आणि वर्षभर कोट वापरलेला गडी शेजारी उभे राहत. मी वीस जणांच्या रांगेत तीन किंचित वेगळे तांबडे वापरतो, आणि रांग त्यामुळे जिवंत होते.

नीळ हा रंग उकळत्या पाण्यात मिसळून चढत नाही. कापड नीळेच्या कुंडात बुडवून बाहेर काढले की हवेने ते हिरव्याचे निळे होते, आणि गडद छटेसाठी हे पुन्हा पुन्हा करावे लागते. म्हणजे गडदपणा हा थेट खर्चाचा भाग आहे. फ्रेंच, प्रशियन किंवा इंग्रजी तोफखान्याचा नवा कोट काळ्याच्या सीमेवरचा निळा असे. वापराने तो राखाडी निळा होतो, उजळ निळा होत नाही. हिरवा रंग नीळेवर पिवळा चढवून मिळे आणि पिवळा आधी उडतो, म्हणून संग्रहालयातले हिरवे कोट आज निळसर दिसतात. त्या निळसरपणाची नक्कल करू नये. काळा लोखंड आणि कषाय द्रव्यांपासून होई, जसा आपल्याकडे हिरड्यापासून होतो, आणि कालांतराने तो तपकिरी पडतो. इंग्रजांच्या ५० व्या पलटणीचे फेसिंग काळे होते. कफाने घाम पुसताना त्याचा रंग तोंडाला लागे, म्हणून तिला 'डर्टी हाफ हंड्रेड' हे नाव पडले अशी परंपरा आहे.

पांढऱ्याबद्दल थोडक्यात. न रंगवलेली लोकर दुधाळ किंवा पिवळसर असते, आणि पट्ट्यांना पांढरी माती फासून ते शुभ्र राखले जात. म्हणून ऑस्ट्रियन सैनिकाचा पांढरा कोट आणि त्याच्याच छातीवरचा पांढरा पट्टा हे दोन वेगळे पांढरे आहेत.

सैन्यागणिक खाचखळगे

इंग्रजी पायदळात मुख्य काम फेसिंग आणि फीत शोधण्याचे. 'रॉयल' म्हणवणाऱ्या पलटणींचे फेसिंग निळे असे, ४२ व्या हायलँडरांचेही निळे, ९२ व्या गॉर्डन हायलँडरांचे पिवळे, ७९ व्यांचे गडद हिरवे, असईच्या ७४ व्यांचे पांढरे, ७८ व्यांचे बफ आणि वेलस्लीच्या स्वतःच्या ३३ व्या पलटणीचे तांबडे. या शेवटच्या पलटणीत तांबड्या कोटावर तांबडी कॉलर येते. ती वेगळी दिसावी म्हणून तिला उजळवू नये, तर पांढऱ्या फितीनेच तिची कड दाखवावी. बफ हा शब्द तर मलईपासून फिकट तपकिरीपर्यंत ताणला जातो. मी काजूच्या सोललेल्या गराचा रंग प्रमाण मानतो. बफ फेसिंगच्या पलटणींचे चामडी पट्टेही पांढरे नसून बफच ठेवण्याची चाल होती, आणि हा तपशील पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. अधिकाऱ्यांच्या फिती सोनेरी की रुपेरी, हे पलटणीगणिक ठरलेले असे. ९५ व्या रायफल पलटणीचा कोट मात्र गडद हिरवा आणि फेसिंग काळे होते. ढोल-ताशे वाजवणाऱ्यांचे कोट वेगळे असतात, त्यांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा. फ्रेंचांनी तर १८१२ च्या नियमाने आपल्या वाजंत्र्यांना हिरवा शाही पोशाख दिला होता.

प्रशियाचे सैन्य अभ्यासकाला दिलासा देते, कारण १८०८ नंतरची त्याची पद्धत एकदा कळली की पाठ होते. कॉलर आणि कफांचा रंग प्रांत सांगतो: पूर्व प्रशियाचा विटकरी, पश्चिम प्रशियाचा गडद किरमिजी, पोमेरेनियाचा पांढरा, ब्रांडेनबुर्गचा तांबडा आणि सायलेशियाचा पिवळा. खांद्यावरच्या पट्टीचा रंग प्रांतातल्या पलटणीचा क्रम सांगतो: पांढरा, तांबडा, पिवळा, मग फिकट निळा. पण १८१३ मध्ये घाईने उभारलेल्या राखीव पलटणींना राखाडी कापड किंवा इंग्लंडने पाठवलेले कपडे मिळाले, तिथे ही पद्धत लावू नये.

ऑस्ट्रियाच्या पायदळात अडचण उलट आहे. कोट सगळ्यांचेच पांढरे, पण फेसिंगच्या छटा इतक्या बारीक की त्यांत मंजिष्ठी तांबडा वेगळा आणि फिकट तांबडा वेगळा, गंधकी पिवळा वेगळा आणि शाही पिवळा वेगळा. एकाच छटेच्या पलटणी बटणे पिवळी की पांढरी यावरून आणि पलटण जर्मन की हंगेरियन यावरून वेगळ्या होतात. हंगेरियन पायदळाची तुमान फिकट निळी आणि घट्ट असे. म्हणून ऑस्ट्रियन पलटण रंगवताना छटा, बटण आणि तुमान अशा तिन्ही नोंदी जुळल्याशिवाय कुंचला उचलू नये. रशियनांचा कोट काळपट हिरवा, कॉलर आणि कफ बहुधा तांबडे. पोर्तुगिजांच्या कसादोर नावाच्या हलक्या पायदळाचा कोट तपकिरी.

मोहिमेवरचा सैनिक नियमातल्या सैनिकासारखा दिसत नाही, हे सर्वांनाच लागू आहे. स्पेनमधल्या फ्रेंचांनी स्थानिक तपकिरी कापडाच्या विजारी शिवून घेतल्या. ओव्हरकोट करडे, तपकिरी, मळकट पिवळे अशा सगळ्या छटांत असत आणि लढाईतही घातले जात. वॉटर्लूच्या आदल्या दिवशी आणि रात्रभर मुसळधार पाऊस पडला होता. १८ जून १८१५ च्या सकाळचा सैनिक गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला आणि शाकोवर मेणकापडाचे आवरण घातलेला रंगवावा. आषाढात शेतातून येणाऱ्या माणसाच्या पायांवर चिखल कसा चढतो, खाली ओला गडद आणि वर वाळून फिकट कसा दिसतो, ते कोकणातल्या रंगकर्मीला पुस्तकात शोधावे लागत नाही.

कोकणच्या उजेडात छटा ठरवताना

पुराव्यावरून छटा ठरली तरी ती बाटलीवर लिहिलेल्या नावाने विकत घेऊ नये. रंगाचे नाव एक असते आणि आतला रंग दुसराच निघतो. मी जाड पांढऱ्या कार्डाचे तुकडे करून प्रत्येकावर रंगाचे दोन हात देतो, पूर्ण वाळल्यावर शेजारी सैन्य, पलटण, वर्ष, पुराव्याचे मूळ आणि मिश्रणाचे प्रमाण लिहितो, आणि मगच सैनिकाला हात लावतो.

हे तुकडे पाहायचे कुठे, हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. माडापोफळींच्या बागेत शिरणारा उजेड हिरवट असतो आणि जांभ्याच्या अंगणावरून परतणारा तांबूस असतो. त्या दोन्हींत तांबडा कोट फसवा दिसतो. मोकळ्या आभाळाखाली, पडवीच्या कडेला, सकाळी दहाच्या सुमारास, मागे पांढरा कागद धरून तुकडा पाहावा. संग्रहालयाचे चित्र मोबाइलवर पाहताना पडद्याचा पिवळसर रात्रीचा रंग बंद करावा आणि छायाचित्रात कुठे पांढरी वस्तू आहे का ते पाहावे; ती पिवळी दिसत असेल, तर कोटही तितकाच पिवळसर आला आहे असे समजून तेवढे वजा करावे.

इंचभराच्या सैनिकावर खरा गडद निळा जसाच्या तसा लावला, तर तो काळा दिसतो. लहान आकारावर उजेड कमी परततो, म्हणून मूळ छटेपेक्षा थोडे उजळावे लागते. मात्र उजळताना पांढरा किंवा उजळ निळा मिसळू नये. मी निळीच्या गडद हातावर राखाडी-निळ्याचा दुसरा हात फक्त घड्यांच्या कडांवर देतो. तांबड्यासाठी खाली तांबूस तपकिरी, वर विटकरी तांबडा आणि अधिकाऱ्यासाठी शेवटी शेंदरी धार. पांढऱ्यासाठी खाली उबदार राखाडी, वर दुधाळ पांढरा आणि पट्ट्यांवरच तेवढा शुभ्र. बनात उजेड पिते, चकाकत नाही; म्हणून कोटावर चकाकी नसलेले वॉर्निश द्यावे आणि शाकोचे चामडे, बूट व बटणे यांनाच चमक ठेवावी. फितीची आणि किनारीची आखणी मी गणपतीच्या चित्रशाळेत डोळ्यांची आखणी करतात तशी अगदी शेवटी, श्वास रोखून, एका बैठकीत करतो. उठून पुन्हा बसले की रेषेची जाडी बदलते.

पावसाळ्यात फवाऱ्याचे अस्तर आणि फवाऱ्याचे वॉर्निश दोन्ही टाळावेत, कारण दमट हवेत त्यावर पांढुरके सावट येते आणि ठरवलेली छटा तिथेच बिघडते. जून ते सप्टेंबर कुंचल्याने अस्तर द्यावे आणि एका हातानंतर दुसऱ्या हाताला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ द्यावा. मी तर पावसाळा वाचनासाठी आणि छटांचे तुकडे करण्यासाठी राखून ठेवतो व मूर्ती ऑक्टोबरनंतर हाती घेतो. तुकड्यांना बुरशी लवकर धरते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पाकिटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि डबा समुद्राकडच्या भिंतीला लावू नये. ज्या छटेचा पुरावा समकालीन चित्रातून किंवा उरलेल्या कपड्यातून मिळाला तिची नोंद शाईने करावी, आणि जी नंतरच्या चित्रकारावरून किंवा माझ्या अंदाजाने ठरली तिची पेन्सिलीने. नवा पुरावा हाती आला की पेन्सिलीची नोंद खोडून तीच पुन्हा शाईने लिहिता येते.